कार्ड ओढायचं, कार्ड सरकवायचं: ब्लेड सर्व्हर आणि एम्बेडेड संगणक

वर्षातून एकदाच बंद पडणारं एखादं यंत्र घ्या. दुरुस्तीला चार तास लागले तर वर्षभराच्या हिशेबात ते 99.95 टक्के वेळ चालू राहिलं. तेच यंत्र, तोच बिघाड, पण दुरुस्ती पाच मिनिटांत आटोपली, तर आकडा थेट 99.999 टक्क्यांवर जातो. यंत्राचा दर्जा तोच, बिघाडही तेवढेच. फक्त पुन्हा उभं राहायला लागणारा वेळ कमी झाला. टेलिफोन एक्स्चेंजच्या धंद्यात या आकड्याला 'फाइव्ह नाइन्स' म्हणतात. सगळं मिळून वर्षाकाठी सव्वापाच मिनिटांच्या वर यंत्रणा बंद राहता कामा नये, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडे गोव्यात तर चार तास ही चैन झाली. वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या पॅनलमधला संगणक बंद पडला, की कंपनीचा माणूस पुण्याहून नाहीतर बेंगळुरूहून निघतो. त्यात जुलै असेल आणि चोर्ला घाटात दरड उतरली असेल, तर तो कधी पोचेल ते त्यालाही सांगता येत नाही. मग चार तासांचे चार दिवस होतात.

ब्लेड सर्व्हर म्हणजे एकाच पेटीत शेजारी शेजारी सरकवलेले पातळ संगणक. त्यांची ओळख करून देताना बहुतेक जण 'कमी जागेत जास्त संगणक' एवढंच सांगतात. ते चूक नाही, पण मला त्यात अर्धीच गोष्ट दिसते. जागा वाचते हा वरचा फायदा. खरी करामत आहे ती बिघडणारा भाग आणि टिकणारा भाग एकमेकांपासून वेगळे करण्यात. आणि ती करामत डेटा सेंटरपेक्षा एम्बेडेड संगणकांच्या जगात, म्हणजे जहाजावर, टॉवरखाली, रडारच्या केबिनमध्ये, जास्त कामाला येते.

आधी साधा सर्व्हर बघू.

बँकेच्या किंवा कॉलेजच्या सर्व्हर रूममध्ये कपाटासारखे लोखंडी सांगाडे असतात, त्यांना रॅक म्हणतात. रॅकची रुंदी जगभर ठरलेली, 19 इंच. उंची 'यू' या मापात मोजतात. 1 यू म्हणजे पावणेदोन इंच. नेहमीचा रॅक 42 यूचा, म्हणजे त्यात 1 यू जाडीचे 42 सर्व्हर एकावर एक बसतात. प्रत्येक सर्व्हर स्वयंपूर्ण: स्वतःचा वीजपुरवठा, स्वतःचे पंखे, स्वतःची नेटवर्कची जोडणी. वीज दोन बाजूंनी हवी म्हणून दोन वायरी, नेटवर्कच्या दोन, देखरेखीची एक, अशा पाच धरल्या तरी एका रॅकमागे 210 वायरी लोंबतात. रॅकचं मागचं दार उघडलं की वडाच्या पारंब्या. एक सर्व्हर बदलायचा तर आधी या गुंत्यातून त्याच्याच पाच वायरी कुठल्या ते शोधायचं, आणि शोधताना शेजारच्याची ओढली जाणार नाही याची काळजी घ्यायची. ज्याने हे काम केलंय त्याला रात्री दोन वाजता ते करताना काय होतं हे सांगायला नको.

ब्लेडमध्ये रचना बदलते. फोंड्याकडची जुनी एकत्र कुटुंबाची घरं बघा. मधे राजांगण, भोवती खोल्या. प्रत्येक भावाचं बिऱ्हाड आपापल्या खोलीत, पण स्वयंपाकघर एक, विहीर एक, आणि कुणालाही कुठेही जायचं तर राजांगणातूनच. ब्लेड म्हणजे यातली खोली. तिच्यात प्रोसेसर असतो, मेमरी असते, जमल्यास छोटी डिस्क असते. वीजपुरवठा नाही, मोठे पंखे नाहीत, बाहेर लोंबणाऱ्या वायरी नाहीत. ही सगळी सामाईक सोय चॅसिसमध्ये, म्हणजे ब्लेड ज्या पेटीत उभी सरकवतात तिच्यात असते. आणि राजांगणाच्या जागी असतो मिडप्लेन: पेटीच्या मधोमध उभा केलेला एक मोठा सर्किट बोर्ड, दोन्ही बाजूंना कनेक्टर असलेला. पुढून ब्लेड येऊन त्यात रुततात, मागून वीजपुरवठ्याचे आणि नेटवर्क स्विचचे मोड्यूल. वायरी जवळजवळ संपल्या. त्यांचं काम बोर्डावरच्या तांब्याच्या रेषांनी घेतलं.

अशी पहिली पेटी बाजारात आणली अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या आरएलएक्स टेक्नॉलॉजीज या कंपनीने, 2001 मध्ये. कॉम्पॅकमधून बाहेर पडलेल्या लोकांनी काढलेली ही कंपनी. 3 यू उंचीत 24 ब्लेड, म्हणजे पूर्ण रॅकमध्ये 336. त्यासाठी त्यांनी ट्रान्समेटाचा क्रुसो नावाचा, मुळात लॅपटॉपसाठी केलेला कमी विजेचा प्रोसेसर वापरला. नेहमीचे सर्व्हर प्रोसेसर इतक्या दाटीत घातले असते तर उष्णता बाहेर काढणं अशक्य झालं असतं. पाठोपाठ 2002 मध्ये आयबीएमचं ब्लेडसेंटर आलं, 7 यूमध्ये 14 ब्लेड. एचपीने 2005 मध्ये आरएलएक्सच विकत घेतली आणि पुढच्या वर्षी सी7000 ही पेटी काढली, 10 यूमध्ये 16 ब्लेड. ती अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं चालली.

सी7000 मध्ये सोळा सर्व्हरना मिळून जास्तीत जास्त सहा पॉवर सप्लाय आणि दहा पंखे लागतात. हेच सोळा सर्व्हर सुटे असते तर प्रत्येकाला दोन याप्रमाणे 32 पॉवर सप्लाय लागले असते, आणि प्रत्येकावर जेमतेम तिसरा हिस्सा भार पडला असता. पॉवर सप्लाय अर्धवट भारावर चालवला की तो वीज वाया घालवतो. सहा जणांवर नीट भार टाकला की ती गळती कमी होते. सामाईक चुलीचा हा फायदा.

तोटाही सामाईक चुलीचाच. मिडप्लेनला काही झालं तर सोळाच्या सोळा संगणक एकदम उपाशी. म्हणून मिडप्लेनवर शक्यतो बिघडू शकेल असा एकही सक्रिय भाग ठेवत नाहीत: चिप नाही, पंखा नाही, फक्त तांबं आणि कनेक्टर. दुसरा तोटा व्यापारी स्वरूपाचा आहे आणि विकणारा तो आपणहून सांगत नाही. एका कंपनीची ब्लेड दुसऱ्या कंपनीच्या पेटीत बसत नाही. एकदा पेटी घेतली की पुढची दहा वर्षं ब्लेड, स्विच, पंखे सगळं त्याच दुकानातून.

आणि उष्णता. संगणकात गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. पेटीत तीन किलोवॉट गेले की खोलीत तीन किलोवॉटचा हीटर लावल्यासारखं झालं. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे एका पेटीमागे जवळजवळ एक एसी. मे महिन्यात वीज गेली की आपल्याकडे गंमत होते: सर्व्हर यूपीएसवर असतात, एसी नसतो. जनरेटर सुरू होऊन एसी पुन्हा थंड व्हायला लागेपर्यंत संगणक आरामात चालू राहतात आणि स्वतःच स्वतःला भाजून काढतात. दाट भरलेल्या पेटीत तापमान चढायला काही मिनिटं पुरतात. यूपीएसचा बॅकअप किती वेळ टिकतो हे सगळे विचारतात. एसी बंद असताना खोली किती वेळ टिकते हे फार थोडे विचारतात.

एवढं झालं डेटा सेंटरचं. आता मुद्द्यावर येतो.

एम्बेडेड संगणक म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी यंत्राच्या पोटात बसलेला, त्या यंत्राचंच काम करणारा संगणक. वॉशिंग मशीनमधली चिप हे नेहमीचं उदाहरण, आणि त्यामुळेच एम्बेडेड म्हणजे छोटं, स्वस्त, नखाएवढं असा समज झालाय. पण बांबोळीच्या हॉस्पिटलात सीटी स्कॅन करून घेतलात तर गोल फिरणारं यंत्र तुमचा फोटो काढत नाही. ते शेकडो कोनांतून क्ष-किरण किती आरपार गेले एवढंच मोजतं. त्या मोजमापांतून चित्र तयार करणारा संगणक यंत्राचाच भाग असतो आणि तो मुळीच छोटा नसतो. दाबोळी किंवा मोपासारख्या विमानतळावरच्या रडारचंही तसंच: परत आलेल्या लहरींतून विमान कुठलं आणि पाऊस कुठला हे वेगळं काढायला भरपूर गणन लागतं, आणि तेही लगेच. मोबाइलच्या टॉवरमागची यंत्रणा, जहाजावरचं सोनार, टीव्हीचं प्रसारण, ही सगळी या मोठ्या एम्बेडेड संगणकांची घरं.

इथे काम करणाऱ्यांच्या अटी वेगळ्या असतात. यंत्र पंधरा-वीस वर्षं चाललं पाहिजे. एसीची खोली मिळेलच असं नाही. दुरुस्तीला येणारा माणूस संगणकाचा तज्ज्ञ असेलच असं नाही. आणि बंद करून उघडणं बहुतेक वेळा परवडतच नाही.

म्हणूनच पेटीत कार्ड सरकवण्याची पद्धत या लोकांनी ब्लेड सर्व्हरच्या वीस वर्षं आधीच उचलली होती. 1981 मध्ये मोटोरोला, मोस्टेक आणि सिग्नेटिक्स या कंपन्यांनी मिळून व्हीएमई बस जाहीर केली. युरोपात रुळलेल्या युरोकार्ड मापाची कार्डं, मागे पिन असलेला भक्कम कनेक्टर, आणि सगळ्यांना जोडणारी एक सामाईक वाट. कारखान्यांत, प्रयोगशाळांत, लढाऊ विमानांत ती दशकानुदशकं चालली. डेटा सेंटरवाल्यांनी ब्लेड शोधली असं जे लिहिलं जातं, ते वाचून एखाद्या जुन्या व्हीएमईवाल्याला हसू येत असेल.

व्हीएमईची अडचण अशी की वाट एकच. एक कार्ड बोलत असताना बाकीच्यांनी गप्प बसायचं. डेटा वाढला तशी ही अडचण जाचू लागली. शिवाय टेलिफोन कंपन्यांना एक्स्चेंजसाठी एकच सर्वमान्य पेटी हवी होती. पीआयसीएमजी या उद्योगसंघाने शंभरहून जास्त कंपन्यांना एकत्र बसवून डिसेंबर 2002 मध्ये ॲडव्हान्स्ड टीसीए हे मानक मंजूर केलं. जाणकार त्याला एटीसीए म्हणतात. म्हणजे आयबीएमचं ब्लेडसेंटर आणि हे मानक एकाच वर्षाचं.

एटीसीएचं कार्ड चांगलं ऐसपैस असतं, 322 गुणिले 280 मिलिमीटर. 19 इंची पेटीत अशी चौदा बसतात. सुरुवातीला प्रत्येक कार्डाला 200 वॉटची मर्यादा होती, पुढे ती वाढवली गेली. सामाईक वाट गेली. त्याऐवजी प्रत्येक कार्डापासून दोन स्विच कार्डांपर्यंत स्वतंत्र जोडण्या आल्या. एक स्विच गेला तर दुसऱ्यावर काम चालू. वीज दोन बाजूंनी, देखरेखीची तार दुहेरी, पंख्यांचे ट्रेही एकापेक्षा जास्त. आणि मानक खुलं आहे, म्हणजे पेटी एकाची, कार्ड दुसऱ्याचं, स्विच तिसऱ्याचा असं चालतं. कागदावर तरी. प्रत्यक्षात दोन कंपन्यांचं जमतंय का हे आधी तपासून घ्यावंच लागतं, पण निदान दार उघडं आहे.

यातली एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे: चालू पेटीतून कार्ड काढणं.

कार्डाच्या पुढच्या पट्टीवर वर-खाली दोन हँडल असतात आणि एक निळा दिवा. खालचं हँडल थोडं उघडलं की आतला छोटा स्विच दबतो आणि निळा दिवा लुकलुकायला लागतो. याचा अर्थ 'कळलं, आवरतोय'. कार्डावरचं सॉफ्टवेअर हातातलं काम शेजारच्या कार्डाकडे देतं, फाइली बंद करतं, आणि पेटीचा कारभारी असलेला शेल्फ मॅनेजर त्याची वीज तोडतो. दिवा एकसारखा निळा झाला की कार्ड ओढायचं. त्याआधी ओढलंत तर पेटीला काही होत नाही, पण त्या कार्डावर चाललेले फोन तुटतात.

नवं कार्ड सरकवताना उलट क्रम. कनेक्टरच्या पिना मुद्दाम कमी-जास्त लांबीच्या केलेल्या असतात. सर्वांत लांब पिन अर्थिंगची, म्हणून ती आधी टेकते, मग विजेच्या. कार्डावरचे कपॅसिटर रिकामे असतात आणि वीज मिळताच ती गटागट पितात. त्या धक्क्याने शेजारची कार्डं हबकू नयेत म्हणून हा पुरवठा सुरुवातीला रोखून, हळूहळू सोडतात. कार्डावरचा एक छोटा नियंत्रक तेवढा लगेच जागा होतो, शेल्फ मॅनेजरला सांगतो की मी अमुक कार्ड, मला इतके वॉट लागतील, माझ्या जोडण्या या या प्रकारच्या. शेल्फ मॅनेजर हिशेब करतो. वीज आणि थंडावा पुरेसा असेल, जोडण्या जुळत असतील, तरच मोठा प्रोसेसर सुरू करायची परवानगी. चुकीचं कार्ड चुकीच्या खाचेत गेलं तर ते जळत नाही, नुसतं बसून राहतं. हा नियंत्रक स्वतः एक एम्बेडेड संगणक आहे. म्हणजे एम्बेडेड संगणकाच्या पोटात आणखी एक एम्बेडेड संगणक, आणि मला विचाराल तर पेटीतला सगळ्यांत शहाणा तोच.

याच नियंत्रकामुळे दुसरी सोय होते. मोठा प्रोसेसर गोठला तरी तो नियंत्रक जागा असतो, आणि दूर बसून कार्डाचं तापमान, व्होल्टेज, पंख्याची गती वाचता येते, कार्ड बंद-चालू करता येतं. वास्कोला हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकावरच्या मैत्री आणि भारती या तळांचा कारभार तिथून चालतो. अशा ठिकाणी हिवाळ्यात कुणी स्क्रू ड्रायव्हर घेऊन जाऊ शकत नाही. जिथे माणूस पोचत नाही, तिथे ही दूरची देखरेख सोय राहत नाही, गरज होते.

एटीसीएची वीज मात्र चमत्कारिक वाटेल: उणे 48 व्होल्ट, डीसी. दोन प्रश्न पडतात, 48 का आणि उणे का.

48 याचं मूळ टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांत आहे. दोन व्होल्टचे चोवीस लेड-ॲसिड सेल एकापुढे एक. पण ते टिकलं त्याला सबळ कारण आहे. 200 वॉटचं कार्ड 12 व्होल्टवर चालवलं तर साधारण 17 अँपिअर प्रवाह लागतो, 48 वर सव्वाचार. तारेत वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे चौपट व्होल्टेज घेतलं की गळती सोळाव्या हिश्श्यावर येते. त्याहून वर गेलं तर हात लागल्यावर धोका वाढतो. 48 हा मधला मार्ग.

'उणे'चं उत्तर पावसाळ्यात आहे. दोन तारा ओल्या झाल्या की त्यांच्यामधून थोडा प्रवाह पाझरतो आणि धन बाजूचा धातू विरघळत जातो. जुन्या काळी जमिनीतून गेलेल्या तांब्याच्या तारा अशाच खाल्ल्या जायच्या. त्यावर उपाय काढला तो असा: बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडायचं, म्हणजे सगळ्या तारा जमिनीच्या तुलनेत ऋण होतात आणि गंज तारांना न खाता अर्थिंगच्या लोखंडाला खातो. लोखंड बदलणं स्वस्त. टेलिफोनच्या पहिल्या पिढ्यांचा हा शहाणपणा आजही चालतो.

गंजाचा विषय निघालाच आहे तर गोव्यातल्या माणसाने त्यावर जास्त बोललं पाहिजे. वास्कोच्या बाजूला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका कारखान्यात, पावसाळा सरता सरता उघडलेला एक पॅनल बघितला होता. आतल्या औद्योगिक पीसीचा पंखा व्यवस्थित फिरत होता. त्यानेच घात केला होता. चार महिने बाहेरची हवा आत ओढून त्याने मेमरीच्या सोनेरी कडेवर आणि शेजारच्या सोल्डरवर पांढरट-हिरवी साय चढवली होती. इलेक्ट्रिशियनने विचारलं, "साहेब, हा अख्खा डबाच पाठवायचा काय?" पाठवावाच लागला, कारण त्या डब्यात सुटं निघेल असं काहीच नव्हतं.

कारण साधं आहे. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतो. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर 33 टक्क्यांच्या आसपासच ओलं व्हायला लागतं. पणजीत पावसाळ्यात हवा दिवसेंदिवस 80 टक्क्यांच्या वर असते. म्हणजे सर्किटवर बसलेल्या खारट धुळीचा थर वर्षाचा मोठा काळ ओला, वीज वाहून नेणारा. पाऊस आत शिरायची गरजच नाही.

यावर दोन उपाय. एक म्हणजे कार्डावर लाखेसारखा पातळ थर द्यायचा, ॲक्रिलिक किंवा सिलिकॉनचा; त्याला कॉन्फॉर्मल कोटिंग म्हणतात. थर मदत करतो, पण कनेक्टरच्या पिनांवर तो देता येत नाही, आणि गंज तिथेच जास्त नडतो. दुसरा उपाय मूळावर घाव घालणारा: हवा आत घ्यायचीच नाही. हे जमतं व्हीपीएक्समध्ये. व्हीएमईचा वारस असलेल्या या मानकात कार्डाचं माप जुनंच, युरोकार्डाचं. कनेक्टर नवा, वेगवान. त्यातल्या एका प्रकारात कार्डावर ॲल्युमिनियमची जाड चौकट असते, प्रोसेसर तिला चिकटलेला. कार्डाच्या दोन्ही कडांना पाचरींची पट्टी बसवलेली असते. कार्ड खोबणीत सरकवून पुढचा स्क्रू ॲलन कीने आवळला की पाचरी फुगतात आणि चौकट पेटीच्या भिंतीवर घट्ट दाबली जाते. उष्णता प्रोसेसरमधून चौकटीत, चौकटीतून भिंतीत, भिंतीतून बाहेरच्या पंख्यांवर किंवा पाण्याच्या नळीवर. आत वारा नाही, मीठ नाही, धूळ नाही. हादऱ्यांनी कार्ड खिळखिळं होत नाही हा वरचा फायदा, आणि जहाजावर, रणगाड्यात, विमानात तो फार मोलाचा.

महाग असतं हे सगळं, आणि साध्या ब्लेडच्या मानाने कार्डं कमी मावतात. पण वास्कोच्या गोवा शिपयार्डात बांधतात तसलं एखादं गस्ती जहाज पंचवीस वर्षं चालावं म्हणून बांधलेलं असतं, आणि त्या काळात प्रोसेसरच्या पाच-सहा पिढ्या येऊन जातात. पेटी, तिची भिंत, जहाजात घातलेल्या तारा तशाच ठेवून फक्त कार्डं नवी करता आली, तर जहाज फोडावं लागत नाही. दाटी इथे कुणी मागतच नाही.

आज ब्लेडचं काय चाललंय? डेटा सेंटरमध्ये तिची चलती ओसरली आहे. मोठ्या इंटरनेट कंपन्यांनी स्वतःचेच साधे, उघडे सर्व्हर बनवून घेतले. 2011 मध्ये फेसबुकच्या पुढाकाराने सुरू झालेला ओपन कॉम्प्युट प्रोजेक्ट त्याच वाटेवरचा, आणि त्यातही वीज आणि थंडावा रॅकमध्ये सामाईक ठेवण्याची जुनी कल्पना आहेच. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणारे जीपीयू, म्हणजे एकाच वेळी ढीगभर आकडेमोड करणारे प्रोसेसर, इतके तापतात की नेहमीच्या ब्लेडच्या जाडीत ते बसत नाहीत. एटीसीएलाही टेलिफोनवाल्यांनीच हळूहळू सोडलं: 2012 पासून त्यांनी नेटवर्कची कामं साध्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने करायला सुरुवात केली. एक कार्ड मेलं तर काम दुसऱ्या यंत्रावर उचलून न्यायचं, निळा दिवा बघत बसायचं नाही. जिथे यंत्रं ढिगाने आहेत तिथे हे ठीक. जहाजावर ढीग नसतो. एटीसीएचा धाकटा भाऊ मायक्रोटीसीए मात्र प्रयोगशाळांत रुजला. हॅम्बुर्गजवळच्या युरोपियन एक्सफेल या महाकाय क्ष-किरण यंत्राचं नियंत्रण त्यावर चालतं.

आणि हीच कल्पना अगदी लहान मापात तुमच्या-आमच्या आवाक्यात आली आहे. रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकाचं कॉम्प्युट मोड्यूल 2014 पासून मिळतं: प्रोसेसर आणि मेमरी एका चिमुकल्या बोर्डावर, बाकी वीज, कनेक्टर, रिले हे सगळं आपण बनवलेल्या खालच्या बोर्डावर. मोठ्या कामासाठी कॉम एक्सप्रेस नावाचं अशाच मोड्यूलचं मानक आहे, तत्त्व तेच. म्हापशाच्या एखाद्या छोट्या वर्कशॉपला पॅकिंग मशीनचा नियंत्रक बनवायचा असेल तर माझा कौल याच रचनेला. खालचा बोर्ड जाड तांब्याचा, कोटिंग केलेला, एकदाच नीट करायचा. वरचं मोड्यूल बिघडलं तर मशीनवर उभा असलेला माणूसही ते बदलू शकतो.

फक्त त्यासाठी बदली मोड्यूल हाताशी पाहिजे, आणि बऱ्याच ठिकाणी घोडं पेंड खातं ते इथेच. स्पेअर कार्ड घेतलेलं असतं, पण ते स्टोअरच्या कपाटात उघड्या खोक्यात तीन पावसाळे काढतं आणि लागेल तेव्हा त्याच्या पिना काळ्या पडलेल्या असतात. ते आलं त्या चंदेरी पिशवीतच, सिलिका जेलच्या पुडीसकट, तोंड चिकटवून ठेवायचं. पुडीवरचा रंग बदलला की पुडी बदलायची. आणि वर्षातून एकदा बाहेर काढून चालू मशीनमध्ये घालून बघायचं, कारण मधल्या काळात मशीनवरचं सॉफ्टवेअर कुणीतरी बदललेलं असतं आणि कपाटातल्या कार्डाला त्याचा पत्ता नसतो.